पोटावर ठेवलेला हात

बाबांच्या पोटावर त्या दिवशी एकीनेच हात ठेवला, आणि ती डॉक्टर नव्हती. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्शात पोट किंवा कंबर दुखली की बोंबली, म्हणजे बेंबी, सरकली असं धरून चालतात. सकाळी बाबा काजूच्या बागेतून कंबर धरून आले आणि आईने लगेच आमच्याच वाडीतल्या म्हातारीला बोलावलं. ती बेंबीवर बोटं टेकवून ठोका जागेवर आहे का बघते, मग तेल लावून चोळते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता, पण आईपुढे कोण बोलणार!

म्हातारीने बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. तेलाची वाटी तिने बाजूला सारली.

"ही बोंबली न्हय रे पुता. हांगा शीर उडटा. बेगीन व्हर, आनी दोतोराक हें सांग." बेंबी नाही, इथे शीर उडतेय; लगेच ने आणि डॉक्टरला हे सांग, असं तिचं म्हणणं.

जवळच्या खाजगी इस्पितळात नेलं. डॉक्टरने खुर्चीतूनच विचारलं, दुखणं कंबरेतून खाली उतरतं का? उतरतं. मग मुतखडा. झालं! सुई टोचली, सलाईन लावलं, सोनोग्राफीवाला दुपारी येईल म्हणाले. बाबा घामाने निथळत होते, तर नर्स म्हणते, औषध लागू पडतंय. तीन तास! माणूस पांढराफटक पडला, पण त्याच्या शर्टाची दोन बटणं सोडून पोट बघायची कुणाला बुद्धी झाली नाही.

दुपारी बाबा लघवीला म्हणून उठले आणि कोसळले. मग ॲम्ब्युलन्स, मोठं इस्पितळ, ऑपरेशन. सर्जनने बाहेर येऊन सांगितलं, बाबा गेले. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटली होती. सकाळीच आणलं असतं तर आशा होती.

त्या खुर्चीतल्या डॉक्टरच्या नावाने मी गावभर शिव्या घातल्या, तक्रारही लिहिली. एकच गोष्ट तीत लिहिली नाही. सुई देण्याआधी त्याने विचारलं होतं, "आणखी काही सांगायचंय?" बोंबली बघणारीचं नाव काढलं तर हा मला अडाणी समजेल, म्हणून मी "नाही" म्हणालो होतो.

तिसऱ्या दिवशी म्हातारी आली. आईजवळ बसली, रडली. जाताना दारात माझा हात धरून तिने त्या उडणाऱ्या शिरेबद्दल विचारलं, "दोतोराक सांगिल्लें मरे तुवें?"

मी हो म्हटलं.