डेलचा एक बॉल

ज्या माणसाचं सगळं सुरळीत चालतं, त्याचे किस्से होत नाहीत. त्याचं फार तर कौतुक होतं, आणि कौतुक दोन वाक्यांत संपतं. ज्याच्यावर अन्याय होतो, त्याचे किस्से मात्र ढिगाने साठतात. आमच्याकडे टेक्सासमध्ये प्लेनोला कुणी जेवायला आलं आणि टीव्हीवर बेसबॉल लागलेला असला, की सुधीर, म्हणजे माझा नवरा, हळूच पाहुण्यांना बजावतो, "हिला डेलबद्दल विचारू नका हं, भाजी करपेल." लोक अर्थात विचारतात. आणि भाजी करपते.

तर ऐंशीच्या दशकात आम्ही वेस्ट टेक्सासमधल्या एका छोट्या गावात राहायचो. सुधीर तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, मी फिजिओथेरपिस्ट. मूळची नागपूरची, त्यामुळे चिडले की माझा आवाज चढतो, हे आधीच सांगून ठेवते. गावात बेसबॉलचा एक मायनर लीग क्लब होता. मायनर लीग म्हणजे खालची पायरी. टीव्ही, नाव, पैसा सगळं वर, मेजर लीगमध्ये. क्लबची पोरं दुखरे खांदे आणि गुडघे घेऊन माझ्या क्लिनिकमध्ये यायची, त्यातलाच डेल. डावखुरा पिचर, म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बोलर समजा. अर्कान्सासचा, चांगला ताडमाड, तिशी उलटलेली, केस विरळ व्हायला लागलेले. टीममधली पोरं त्याला आजोबा म्हणायची. इतक्या क्लबांतून फिरला होता, की नावं सांगताना त्याचीच गल्लत व्हायची.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मेजर लीगच्या मॅचमध्ये, मेजर लीगच्या बॅटरला, एक बॉल टाकायचा. एकच. "त्याने तो स्टेडियमच्या बाहेर मारला तरी चालेल, मॅम," असं म्हणायचा.

*

तो आमच्या गावात आला कसा, ते आधी ऐका.

त्याच्या आधीच्या क्लबला बॅटिंगच्या प्रॅक्टिससाठी बॉल फेकायचं मशिन हवं होतं. आमच्या क्लबकडे एक जास्तीचं पडून होतं. इकडे खेळाडूंची अदलाबदल होते, हे मला माहीत होतं. याला दे, त्याला घे. पण यांनी मशिन पाठवलं आणि बदल्यात डेल घेतला!

मला कळलं तेव्हा मी क्लबच्या जनरल मॅनेजरला तोंडावर विचारलं, "माणसाच्या बदल्यात मशिन? लाज नाही वाटत?"

तो म्हणाला, "मॅम, मशिन जवळजवळ नवीन होतं."

मी तणतणत क्लिनिकमध्ये आले. डेल टेबलावर पालथा पडला होता. मी त्याला हे सगळं सांगितलं आणि वर दोन शिव्या मराठीत घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "ते मशिन तिथे पोचल्यावर आठवडाभरात बंद पडलं, मॅम. मी अजून चालतोय."

*

आता तुम्ही म्हणाल, बिचारा मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. पोचला होता! माझं डोकं फिरतं ते त्यामुळेच.

वरच्या क्लबचा एखादा पिचर जखमी झाला, की खालून कुणाला तरी तात्पुरतं बोलावून घेतात. डेलला बोलावणं आलं. स्वारी नवा शर्ट घेऊन विमानाने गेली आणि बुलपेनमध्ये जाऊन बसली. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेला राखीव पिचर बसतात तो कोपरा. तिथे एक फोन असतो. मॅनेजरचा, म्हणजे टीमच्या कोचचा, फोन आला की पिचरने उठायचं, तिथल्या कॅचरला, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या माणसाला, बॉल टाकून टाकून हात गरम करायचा, आणि बोलावलं तर मैदानात जायचं.

तर फोन आला. डेल उठला, जीव तोडून बॉल टाकत राहिला. पुन्हा फोन. नको, बस. पुढच्या मॅचला पुन्हा तेच. ऊठ. बस. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरालासुद्धा कुणी इतक्या उठाबशा काढायला लावत नाही. जखमी पिचर बरा झाला आणि यांनी डेलला खाली पाठवून दिलं.

परत आला तो खांदा सुजवून. मी विचारलं, "किती बॉल टाकलेस रे?"

"खूप."

"बॅटरला किती?"

"एकही नाही, मॅम. पण बुलपेनचा कॅचर म्हणाला, छान टाकतोस."

संध्याकाळी मी सुधीरला हे सांगितलं. तो पेपर वाचता वाचता म्हणाला, "म्हणजे आपला बारावा खेळाडू गं."

मी म्हटलं, "बाराव्याला निदान पाणी घेऊन मैदानात जायला मिळतं!"

*

दुसऱ्या वेळचा किस्सा शर्टाचा. छोटा आहे, पण मला सगळ्यात जास्त झोंबतो.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. या वेळी त्याला दिलेल्या युनिफॉर्मच्या पाठीवर नावच नव्हतं. आधीच्या कुणाचं तरी नाव उसवून काढलेलं, आणि सुईच्या भोकांवरून ते जुनं नाव चक्क वाचता येत होतं. तो जुना माणूस तिथल्या प्रेक्षकांचा नावडता. त्यामुळे मागच्या रांगेतले लोक त्या नावाने डेलला शिव्या घालायचे.

"मग तू काय करायचास?" मी विचारलं.

"वळून हात करायचो. कुणीतरी बोलतंय ना माझ्याशी."

मी म्हटलं, "अरे, नाव शिवायला किती वेळ लागतो? मी दिलं असतं शिवून!"

म्हणाला, "मी कपडेवाल्याला विचारलं होतं, मॅम. तो म्हणाला, उगाच दोरा कशाला वाया घालवायचा."

त्याही वेळी एकही बॉल नाही.

*

आणि फक्त अमेरिकन लोकांनाच नावं ठेवायला नकोत. आपली माणसं काही कमी नाहीत.

आमच्याकडे गणपती बसायचा. आजूबाजूच्या गावांतली मराठी घरं जमायची. एका वर्षी त्या दिवशी मॅच नव्हती, म्हणून मी डेललाही बोलावलं. आला बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बाहेर काढून. आरतीला हात जोडून मागे उभा राहिला आणि थोड्या वेळाने टाळ्यासुद्धा तालात वाजवायला लागला. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते जमत नाही.

तिथे पटवर्धनकाका होते. हार्टचे डॉक्टर, मोठी प्रॅक्टिस. त्यांनी डेलला कोपऱ्यात गाठलं.

"काय करतोस तू?"

"बेसबॉल खेळतो, सर."

"ते ठीक आहे. पण काम काय करतोस?"

"हिवाळ्यात घरोघरी गॅस पोचवतो."

"हां, मग ते सांग ना!" काका म्हणाले. मी किचनमध्ये मोदकांचा कुकर उतरवत होते. तिथून ऐकलं आणि वाटलं, हातातली पकड काकांच्या कानाला लावावी.

काकांचं समाधान झालं नव्हतं. "मेजर लीगमध्ये कधी गेलास का?"

"दोनदा, सर."

"अरे वा! मग रेकॉर्ड काय तुझा?"

डेल म्हणाला, "अजून एकदाही हरलो नाही, सर."

काका खलास. लगेच मुलांना हाका मारल्या, "या रे सगळे इकडे! शेक हँड्स विथ हिम, हा माणूस कधी हरलेला नाही!" मुलं "रिअली? रिअली?" करत धावली. डेलने एकेकाशी गंभीरपणे हात मिळवला. काकूंनी त्याला आग्रहाने तीन मोदक वाढले. मी गुपचूप चौथा वाढला.

*

पुढच्या उन्हाळ्यात खांद्याने दगा द्यायला सुरुवात केली. क्लबचे डॉक्टर मॅचच्या आधी इंजेक्शन देऊन त्याला उभा करायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे यायचा तेव्हा हात वर जायचा नाही. केस विंचरायचे तर उजव्या हाताने. मी पुन्हा जनरल मॅनेजरकडे गेले. म्हटलं, "हा हात संपत आलाय. त्याला विश्रांती द्या, नाहीतर कायमचा अधू होईल."

तो म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत ओढून न्या, मॅम. मग बघू." सप्टेंबरमध्ये वरचे क्लब जास्तीची माणसं बोलावतात, म्हणून.

"ओढून न्या? तो काय बैल आहे?"

"मॅम, माझ्याकडे बैल आहेत," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी मी यापेक्षा बरा डॉक्टर ठेवतो."

आणि वर हसला, बाप्पा! मी दार आपटून बाहेर पडले. त्या दाराची काच तडकली म्हणतात. मला माहीत नाही, मी मागे वळून पाहिलं नाही.

डेलला मी स्पष्ट सांगितलं, "आता थांब. तुझ्या मुलांना उद्या उचलून घ्यायचं असेल, तर थांब."

त्याने उजव्या हाताने शर्टाची बटणं लावली. मग म्हणाला, "एक बॉल, मॅम. त्यानंतर तुम्ही सांगाल ते."

*

सप्टेंबरमध्ये त्याला तिसऱ्यांदा बोलावलं. मी सुधीरला म्हटलं, आपण जायचं. तो म्हणाला, अगं दिवसभराचं ड्राइव्ह आहे. मी दशम्या आणि चटणी बांधायला घेतली, तेव्हा तो मुकाट्याने गाडीत पेट्रोल भरून आला.

रविवारी दुपारची मॅच. आम्ही पहिल्या बेसच्या, म्हणजे रन काढताना गाठायच्या पहिल्या थांब्याच्या, बाजूला, उन्हात. डेलच्या टीमकडे एका रनाची आघाडी. समोरच्यांचे दोन आऊट झालेले, तिसरा आऊट झाला की त्यांची बॅटिंगची पाळी संपणार. पण पहिल्या बेसवर त्यांचा एक रनर उभा, आणि बॅटिंगला आला एक तगडा डावखुरा. डावखुऱ्याला डावखुरा पिचर, हा इथला ठोकताळा. मॅनेजर मैदानात आला आणि त्याने बुलपेनकडे डाव्या हाताने खूण केली.

बुलपेनचं दार उघडलं. डेल पळत बाहेर आला. लाउडस्पीकरवर त्याचं नाव, संपूर्ण, नीट उच्चारून. मी सुधीरचा हात इतका घट्ट धरला की तो "अगं, अगं" करायला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

सरावाचे बॉल टाकून झाले. ते मोजत नाहीत. बॅटर बॅट फिरवून उभा राहिला. कॅचरने खूण केली. डेलने मान हलवली, बॉल छातीशी धरला, क्षणभर थांबला. पाय उचलला.

आणि बॉल पहिल्या बेसकडे फेकला.

नॉन-स्ट्रायकरने क्रीज सोडावी तसा रनर बेस सोडून पुढे सरकला होता. परत फिरायच्या आत बेसवरच्या फिल्डरने बॉल झेलून त्याच्या अंगाला टेकवला होता. आऊट. तिसरा आऊट. पाळी संपली. लोक उभे राहून ओरडायला लागले, आणि डेल मान खाली घालून पळत आत गेला.

समोरच्यांच्या पुढच्या पाळीला मॅनेजरने दुसराच पिचर पाठवला. मॅच यांनी जिंकली. दोन दिवसांनी डेलला खाली पाठवलं, आणि हिवाळ्यात क्लबने त्याला मोकळं केलं. तो परत कधी वर गेला नाही.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. मी पार्किंग लॉटमध्ये खेळाडूंच्या दाराशी जाऊन उभी राहिले. सुधीर म्हणत होता, जरा हळू बोल. डेल बाहेर आला, केस ओले, खांद्यावर बॅग. अभिनंदन वगैरे मला काही सुचलं नाही.

"अरे मूर्खा," मी म्हटलं, "समोर बॅटर उभा होता! तुझ्या हातात बॉल होता! इतकी वर्षं ज्यासाठी खांदा फोडून घेतलास, तो एक बॉल टाकायचा होतास ना आधी! रनर काय, नंतर बघता आला असता!"

त्याने बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते.

"पण मॅम," तो म्हणाला, "तो बेस सोडून पुढे आला होता."