हेनिंग आणि कीबोर्डचे दिवे

हेनिंग ब्रोमानने आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवला नाही आणि कधी एकट्याने निर्णय घेतला नाही. पहिल्या गुणाचं आमच्या आल्मफोर्स गावात कौतुक होतं. दुसऱ्यासाठी त्याला बढती मिळाली. आमच्या नगरपालिकेच्या सगळ्या संगणकांचा कारभार त्याच्याकडे. कुठल्याही मशिनवर काहीही करायचा अधिकार गावात फक्त त्याला, आणि तो वापरायची पाळी आली की गड्याला घाम फुटायचा.

गेल्या वर्षी आम्हा ग्रंथालयवाल्यांना नवे कीबोर्ड मिळाले. कळांखाली निळे-जांभळे लुकलुकणारे दिवे. कुठल्याशा समितीला त्यातून वातावरण उबदार होईल असं वाटलं होतं. दिवे चालवायला संगणकाच्या पोटात ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला. वसंतात बातमी आली की त्या ड्रायव्हरला भगदाड आहे. ग्रंथालयाचं कार्ड घेऊन बसलेला साधा वाचकही त्यातून मशिनचा मालक होऊ शकतो. ते करून देणारा आयता प्रोग्रॅमही कोणीतरी इंटरनेटवर टाकला होता. कंपनी दुरुस्ती देणार होती, पण उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर. तोवर ड्रायव्हर बंद ठेवायचा, एवढाच उपाय. नुकसान काय, तर दिवे जाणार.

हेनिंगने बैठक बोलावली.

"दिवे गेले तर मुलांना काय वाटेल?" बालविभागाची गुनेल म्हणाली.

"चांगला मुद्दा," हेनिंग म्हणाला. त्याला सगळेच मुद्दे चांगले वाटायचे.

परत आलेली पुस्तकं घेणारी ईल्वा कोपऱ्यात बसली होती. मारकुट्या नवऱ्यापासून पळून ती आमच्या गावात आली होती. सरकारने तिचा पत्ता गुप्त ठेवला होता. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तिचं नावसुद्धा नव्हतं. पत्ता होता तो फक्त आमच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदीत, आणि मशिनचा मालक झालेल्याला ती नोंद सहज उघडता आली असती.

"हेनिंग, बंद कर ना ते," ती म्हणाली. "तुझ्या एका बटणाचं काम आहे."

"तुझी काळजी कळते गं मला. पण अपंग परिषदेला विचारायला हवं. कमी दिसणाऱ्यांना दिव्यांचा उपयोग होत असेल."

परिषद म्हणाली, उलट डोळ्यांना त्रास होतो. मग हेनिंगला शाळा आठवल्या. शाळांनंतर कामगार संघटना. बैठकांमधले दालचिनीचे बन संपून केक सुरू झाले, पण चर्चेचं गुऱ्हाळ थांबेना.

"माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही केक खाताय!" ईल्वा एकदा म्हणाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. हेनिंग म्हणाला, भावना व्यक्त झाल्या हे छानच झालं.

जुलैत उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि नगरपालिका तळ्याकाठच्या घरांकडे पांगली. "ऑगस्टमध्ये ठरवू," म्हणत हेनिंगही आपल्या घराच्या फळ्या रंगवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ईल्वा वाचकांच्या संगणकावर बसली. तिने तो आयता प्रोग्रॅम उतरवला, त्याच भगदाडातून मशिनची मालकीण झाली आणि ड्रायव्हर काढून टाकला. मग शेजारचं मशिन, मग त्याच्या शेजारचं. मी दारात उभी राहून येणाऱ्यांना गप्पांत गुंतवत होते. सगळे दिवे गेले तेव्हा ती मोठ्याने हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये हेनिंग उन्हाने लाल होऊन परतला.

"मी रागावलेलो नाही," तो म्हणाला. "पण कोणाला न विचारता?"

"तुला विचारलं होतं," ईल्वा म्हणाली.

"मला एकट्याला!"

त्याने रीतसर अहवाल लिहिला. नगरपालिकेचा प्रत्येक कागद नागरिकांना वाचता आला पाहिजे यावर त्याची भारी श्रद्धा. त्याच दिवशी अहवाल संकेतस्थळावर गेला. त्यात कोणी काय केलं ते नीट होतं, ईल्वाच्या पूर्ण नावानिशी आणि कुठे काम करते त्यासह.

ईल्वा तडक त्याच्या टेबलापाशी आली. "माझं नाव काढ त्यातून. आत्ताच्या आत्ता. तुला अधिकार आहे."

हेनिंग खरोखरच कळवळला. त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. "काढू या ना," तो म्हणाला. "गुरुवारी सगळ्यांना विचारतो."

ईल्वा गुरुवारपर्यंत थांबली नाही. ती कुठे गेली हे मला माहीत नाही आणि मी ते कोणाला विचारणारही नाही. बैठकीत मात्र तिचं नाव काढायला सगळ्यांनी एकमताने होकार दिला.