खुर्च्यांचा आवाज

आमच्या दंतवैद्यांच्या संघटनेत ज्येष्ठ डॉक्टर आत आले की सगळे उठून उभे राहतात. परवा तक्रार समितीच्या बैठकीत आमचे एक ज्येष्ठ सर आले आणि आम्ही पाचही सदस्य सवयीने उभे राहिलो. आजची तक्रार सरांविरुद्धच आहे, हे खुर्च्या करकरत मागे सरकल्यावर लक्षात आलं.

तक्रार करणारी बाई कोपऱ्यात आधीच येऊन बसली होती. किडलेली दाढ सोडून सरांनी शेजारची चांगली दाढ काढली आणि वर तिलाच दटावलं, असं तिचं म्हणणं होतं. आम्हाला उभं राहिलेलं बघून तिचा हात गालाकडे गेला. मग तीही हळूच उभी राहिली.

तिचे डोळे माझ्या ओळखीचे होते. पेशंटची खुर्ची मागे कलते, तोंड उघडं असल्याने बोलता येत नाही, तेव्हा माणूस याच डोळ्यांनी आमचे हात बघत राहतो. ‘काही होत नाही’ म्हणत मी रोज कामाला लागतो. इथे तर तिला बोलता येत होतं, तरी डोळे तेच. उद्या त्या कोपऱ्यात माझी मुलगी असली तर?

आम्ही बसलो, सरही बसले. ती उभीच होती.

“बसा ना ताई,” मी म्हणालो.

तिने आम्हा एकेकाकडे पाहिलं. “इथे सगळे डॉक्टरच आहेत का हो?”

“हो.”

तिने आपली खुर्ची दाराजवळ ओढली आणि मगच ती बसली.