टोप्याचे विलायती केस

टोप्या झोपतानाही टोपी काढायचा नाही. गांधी टोपी नव्हे. क्रिकेटवाले घालतात तसली, पुढे चोच असलेली निळी टोपी. वय सव्वीस आणि डोक्यावर कानांच्या वर काहीच नाही. शाळेतली पोरं त्याला 'टोपीसर' म्हणत, आम्ही शिक्षक मागे 'टोप्या' म्हणायचो, आणि पुढे तो तोंडावरही टोप्याच झाला. त्याला राग यायचा नाही. राग येणं ही गोष्ट त्याला फारशी जमतच नसे. मला मात्र ती छान जमायची.

भिगवणला एका मासळीवाल्याच्या गोदामावरच्या खोलीत आम्ही दोघं राहत होतो. तो गणित शिकवायचा, मी मराठी. खरी मैत्री जमली ती टकलावरून, कारण माझंही डोकं त्याच वाटेनं निघालं होतं. बारामतीच्या एका वैद्यानं दिलेलं हिरवं तेल आम्ही रविवारी एकमेकांच्या डोक्याला चोळायचो. खोलीतला मासळीचा वास मरून त्या तेलाचा वास राहायचा. "दोघांतल्या एकाला जरी उगवले तरी फॉर्म्युला सिद्ध झाला," असं टोप्या म्हणायचा. पुढे लगेच जोडायचा, "आधी तुला उगवू देत. तुझी घाई जास्त हाय."

घाई होतीच. काटेवाडीच्या एका घरी मी मुलगी बघून आलो होतो. ऊस, गाई, घरची माणसं, सगळं छान होतं आणि मुलगी तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आठवड्यानं निरोप आला, 'मुलगा वयस्कर वाटतो.' मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. त्या दिवशी टोप्यानं पोळ्या लाटल्या, भाजी केली आणि या विषयावर एक शब्द काढला नाही. त्याची ही एक सवय होती. दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेवर तो कधी बोट ठेवत नसे.

त्याची थोरली बहीण लंडनला नर्स होती. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं त्याला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता तो म्हणाला, "ताई म्हणते, तिकडं डोक्याचं ऑपरेशन करत्यात. मागचे केस काढून पुढं लावायचे." मी खो खो हसलो. हसलो खरा, पण तो गेल्यावर त्या हिरव्या तेलाची बाटली मी खिडकीतून उकिरड्यावर भिरकावली. तेल चोळायला आम्ही दोघं, आणि विमानात बसायला हा एकटा!

जूनमध्ये तो परत आला. खोलीत शिरल्यावर त्यानं टोपी काढली, तर आत काही नाही. नुसते ओळीनं ठिपके. लावलेले केस गळून गेले होते. "डॉक्टर म्हणाला, आधी गळतात, मग येतात," तो म्हणाला. मी तोंड पाडून "येतील रे" म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून मनसोक्त हसलो. कबूल करायला लाज वाटते, पण तो पावसाळा माझा फार सुखात गेला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि टोप्या टोपी न घालता आला. केस आले होते. अगदी दाट नव्हते, जवळून पाहिलं तर झुबके झुबके दिसायचे. आमचा शिपाई म्हादूमामा त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सर, कांद्याची रोपं लावल्यागत दिसतंय. पर पीक जोरात हाय!" सगळी स्टाफरूम हसली. सगळ्यांत मोठ्यानं टोप्या हसला. मी वह्या तपासत बसलो. त्या दिवशी बऱ्याच पोरांना कमी गुण पडले.

मग त्याला स्थळं येऊ लागली. त्यातलंच एक होतं काटेवाडीचं, तेच घर आणि तीच मुलगी. टोप्यानं मला समोर बसवून विचारलं, "तुझी हरकत असंल तर मी जात न्हाय."

"माझी कसली हरकत?" मी म्हणालो. तो गेला. त्यांनी त्याला पसंत केलं.

पुढचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, दाढीचं सामान आणायचं सांगून मी बारामतीची एसटी धरली आणि तिथून काटेवाडी गाठली. मुलीचे वडील, आबा, गोठ्यात गाईला पेंड घालत होते. मी वाटेत घोकून ठेवलेलं वाक्य काढलं. "आबा, तुमी फसू नये म्हणून आलो. त्याच्या केसांचं एक..."

"मागनं काढून पुढं लावल्यात, त्येच ना?" आबांनी मान वर न करताच विचारलं.

"तुमाला माहीत हाय?"

"बघाय आले तवाच सांगितलं की त्येंनी. पोरीम्होरं मान वाकवून मागची खूण दावली. पोरगी म्हणली, सोताचेच हायेत न्हवं, कुणाचे चोरले तर न्हाईत." आबांनी हात झटकले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचंबी बोलले. म्हणले, माझा सोबती माझ्यापरीस गुणाचा हाय, निस्त्या टकलापायी मागं ऱ्हायलाय. मंग म्या इचार केला, माझ्या भावाची पोरगी हाय लग्नाची. कळवणारच हुतो तुमास्नी. बरं झालं, तुमीच आला."

आतून चहा आला. घट्ट दुधाचा होता. मी तो बशीत ओतला आणि नुसता फुंकत बसलो.

मी तिथं का गेलो होतो, हे आबांनी माझ्यापाशी कधीच काढलं नाही. टोप्याचं लग्न झालं. सहा महिन्यांनी माझंही झालं, आबांच्या पुतणीशीच. तिनं पहिल्याच भेटीत माझ्या डोक्याकडे पाहून, "उन्हात टोपी घालत जावा," एवढंच म्हटलं. आज इतक्या वर्षांनीही टोप्याचं नाव निघालं की ती म्हणते, "भावजी म्हणजे देवमाणूस." आणि आजही माझ्या पोटात दुखतं. तो वारून आता तीन वर्षं झाली, तरीसुद्धा.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्याची सोलापूरकडे बदली झाली. मी भिगवणच्या स्टेशनवर त्याला पोचवायला गेलो होतो. त्याची बायको डब्यात सामान लावत होती आणि आम्ही दोघं फलाटावर उभे होतो. वाऱ्यानं त्याचे केस उडत होते. मी काटेवाडीला गेलो होतो, हे त्याच्याशी कधी बोललोच नव्हतो. आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आबांनी मला तवाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नको. तुझ्या जागी असतो तर मीबी गेलो असतो."

गाडीनं शिट्टी दिली. तो पळत जाऊन डब्यात चढला आणि दारातून हात हलवत राहिला. मीही हात हलवला.

त्या माणसानं माझ्याशी बोललेलं ते एकमेव खोटं. तो गेला नसता.