हळदीच्या कॅसेटमधल्या म्हशी

या, अशा जवळ सरका. लांब बसून माना डोलवू नका, मला ऐकू कमी येतं आणि तुम्हाला लाज कमी आहे... या सदरात दर महिन्याला काय एकेक लिहिता हो! घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते म्हणे. पांढरीच का? भुतांना रंग चालत नाहीत का? आणि तिला जायचं असतं कुठं? एकानं तरी विचारलंय? गाडी पळवत घरी येता, ताप काढता आणि आम्हाला लिहून पाठवता. शिकलेली माणसं तुम्ही. वाचताना कीव येते.

मी शहात्तर वर्षांची. कोल्हापुरात, राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहते... खाली क्लास, समोर दातांचा दवाखाना, दिवसभर रिक्षांची पीप-पीप. इथं भूत आलं तर त्याला उभं राहायला जागा मिळायची नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं घरात बसून शिकले. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानत नाही. तरी लिहितेय, तेव्हा नीट ऐका आणि मधे बोलू नका.

आमचे हे रेडिओ ऑपरेटर होते. आधी फौजेत, सिग्नलमध्ये. तिथनं सुटल्यावर मुरगूडच्या वाटेला एका मालकाची खासगी धावपट्टी होती, तिथं लागले. मालकाचं नाव सांगत नाही, आणि आता तिथं ऊस उभा आहे, तेव्हा शोधायलाही जाऊ नका. आठवड्याला दोन-तीन छोटी विमानं यायची. ह्यांचं काम एवढंच... वारा कुठून आहे ते पायलटला सांगायचं, आणि धावपट्टी मोकळी आहे की नाही ते सांगायचं. मोकळी म्हणजे काय? म्हशी. आजूबाजूच्या गावांची गुरं तिथंच चरायची. विमान यायच्या आधी भोंगा वाजायचा, की गुराखी जनावरं हाकलायचे. मग हे रेडिओवर म्हणायचे, "रनवे क्लिअर." एवढ्या दोन शब्दांवर आमचं घर चाललं.

ह्यांना एक खोड होती. रेडिओच्या स्पीकरला टेपरेकॉर्डर चिकटवून ठेवायचे आणि सगळं बोलणं कॅसेटवर घ्यायचे. संध्याकाळी घरी लावून स्वतःच्या चुका काढायचे. मी भाकरी थापता थापता ऐकायची. माझं इंग्रजी तिथलं. "काय हो, आज तुम्ही विंड म्हणताना लई घाबरलासा," असं म्हणलं की चिडायचे.

एके दिवशी दुपारी विमान उतरलं ते म्हशीवर. म्हैस गेली, विमानाचं चाक मोडलं, पायलटचा पाय कायमचा गेला. पायलट म्हणाला, ऑपरेटरनं क्लिअर सांगितलं. हे म्हणाले, मी नको म्हणून सांगितलं. तिसरा माणूस तिथं नव्हता. होती ती कॅसेट. ह्यांनी ती खिशातनं घरी आणली, टेपजवळच्या फळीवर ठेवली आणि काही न बोलता झोपले. आणि आणताना वरच्या कडेची प्लास्टिकची खूण मोडून ठेवली होती. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही... जुन्या माणसांना माहीत असेल.

मलाही माहीत होतं. त्यावरचा उपायही माहीत होता.

दुसऱ्या दिवशी पेठ वडगावहून आत्ती आल्या. सासूला आम्ही आत्ती म्हणतो. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या भरून घ्यायच्या असं माझं वर्षभर चाललं होतं, आणि त्या दिवशी त्यांचा गळा छान लागला होता. कोरी कॅसेट घरात नव्हती. फळीवर एक दिसली. खूण मोडलेली बघून मी काय केलं? कागदाचा तुकडा घेतला, भाताच्या शितानं त्या भोकावर चिकटवला, आणि बटण दाबलं. ह्यांच्या असल्या पंधरा कॅसेटी होत्या, एकीनं काय होतंय, असं मनात आलं. आत्ती दोन्ही बाजू भरेपर्यंत गायल्या.

हे ती कॅसेट घेऊन चौकशीला गेले. मालकाच्या बंगल्यावर आठ माणसं बसली होती. ह्यांनी टेप लावला... आणि आतनं त्यांची आई दळण दळत गाऊ लागली.

आठही माणसं हसली. पोट धरून हसली. एकजण म्हणाला, "क्लिअर हाय की आवाज!" नोकरी त्याच दिवशी गेली. पुढं हे रस्त्यानं जाताना पोरं म्हशीसारखी रेकायची.

घरी येऊन हे एवढंच म्हणाले, "आईचा आवाज चांगला आलाय." मला एका शब्दानं बोलले नाहीत. आणि मी काय केलं माहितीय? मनाशी ठरवून टाकलं, की ह्यांनी त्या दिवशी सांगितलंच नसणार. डुलकी लागली असणार, भोंगा विसरले असणार. ज्याचं मी पुसलं त्यालाच खोटं ठरवलं. तसं केलं की झोप लागते. कधी विषय निघाला तर हे म्हणायचे, "मी सांगितलं होतं गं." मी म्हणायची, "व्हय, व्हय." असल्या 'व्हय'चा अर्थ बायकोला आणि नवऱ्याला, दोघांनाही कळतो. नऊ वर्षं मी तसं 'व्हय' म्हणले. मग ते गेले.

आता गेल्या जानेवारीतलं सांगते. माझी लेक शोभा पुण्याला असते. तिच्या ओळखीची स्वरदा म्हणून एक मुलगी आली. जुन्या विमानांच्या रेडिओवरचं बोलणं गोळा करते. म्हणाली, "आजी, विमानांचा इतिहास कागदावर कमी आणि या टेपांवर जास्त आहे. कागदावर सगळे शहाणे असतात, टेपवर खरे बोलतात." पोरगी आवडली मला. तिला आधी जेवायला घातलं, मग कॅसेटींचा डबा काढला. दुपारचे दोन वाजले होते, खाली क्लासची मुलं ओरडत होती.

चौदा कॅसेटी निघाल्या. काय काय होतं त्यात! एक पायलट विचारतोय, आज जेवायला काय आहे. एक नवखा पायलट वाऱ्याचा जोर ऐकून गप्पच झालाय, आणि हे त्याला लहान मुलासारखं समजावून खाली आणताहेत. स्वरदा भराभर लिहून घेत होती. मी नवऱ्याकडं आयुष्यात पहिल्यांदा एवढं लक्ष दिलं असेल.

मग ओव्यांची कॅसेट. वर तो कागद अजून चिकटलेला, पिवळा पडलेला. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, कधीकधी खालचा जुना आवाज बारीक उरतो. तिनं कॉम्प्युटरला जोडून, कानाला ते हेडफोन लावून तासभर खटपट केली. शेवटी मान हलवली. "सॉरी आजी. खाली काहीच नाही. पूर्ण पुसलंय."

"पुसण्यात मी हुशारच आहे," म्हणलं.

डब्याच्या तळाशी शोभाच्या हळदीची कॅसेट होती. स्वरदा म्हणाली, शोभाताईंची गंमत ऐकू या. ही कॅसेट नवीकोरी मी स्वतः आणली होती, ह्यांना जाऊन वर्ष झाल्यावर. वरचा चकचकीत कागद मी दातानं फाडलेला मला आठवतो, कारण हात हळदीनं माखले होते.

बायका गात होत्या. मग चहा आला म्हणून थांबल्या, टेप तसाच चालू राहिला. कपबशा वाजताहेत, कोणीतरी म्हणतंय, "साखर घाल की गं जरा, लगीन हाय न्हवं?" आणि त्याच कपबशांमधून, तसल्याच खरखरीत रेडिओच्या आवाजात, हे...

"उतरू नका, साहेब. रनवेवर म्हशी आहेत. परत सांगतो, म्हशी आहेत. एक चक्कर मारा."

मग दुसरा आवाज, लांबचा, घाईतला. "मला काही दिसत नाही. भोंगा वाजवा, हाकला त्यांना. मी उतरतोय."

"नका उतरू. रनवे क्लिअर नाही, साहेब. क्लिअर नाही."

मागं भोंगा. मग पुन्हा नुसत्या कपबशा, आणि बायका पुढचं गाणं म्हणू लागल्या. त्यातल्या एकीलाही काही ऐकू आलेलं नाही. मी तिथंच होते की, कपबशा मीच वाटत होते.

स्वरदाचा हात पेनावरच राहिला. मी उठून गॅस बंद केला. गॅसवर काहीच नव्हतं.

पुढच्या चार दिवसांत शहाण्यांची रांग लागली. स्वरदाच्या ओळखीचा एक इंजिनीअर फोनवर म्हणाला, दोन खणांचा टेप असणार, दुसऱ्या खणात जुनी कॅसेट चालू राहिली असणार. आमचा टेप एका खणाचा, आणि ती जुनी कॅसेट तर मीच हळदीच्या दहा वर्षं आधी पुसलेली. तो म्हणाला, मग दुकानदारानं वापरलेली कॅसेट नवी म्हणून दिली. व्हय बाबा, आणि कोल्हापुरातल्या सगळ्या आवाजांतून नेमका माझ्या नवऱ्याचा भरून दिला! डोक्यावर पडलेली माणसं इंजिनीअर कशी होतात?

आणि दुसरीकडं आमचे धाकटे दीर. आले आणि टेपाला हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "वैनी, दादाचा आत्मा अडकलाय. नारळ उतरून टाकूया."

"भाऊजी, दादा जिता होता, पोरं त्याच्यामागं रेकत होती, तवा किती येळा आलतासा?"

"ते काय... कामं असायची."

"मग आता बी कामाला जावा."

आत्मा म्हणे! आत्म्याला बोलायचं असतं तर माझ्याशी बोलला असता की. ऐकवण्यासारखं पुष्कळ होतं त्यांच्याकडं. पण त्यात माझं नाव नाही, निरोप नाही, राग नाही. नुसती ड्युटी आहे. त्या दुपारी जे बोलले तेवढंच, एक शब्द जास्त नाही. म्हणून तर मला उलगडत नाही. भुतं असं वागत नाहीत, निदान तुमच्या सदरातली तरी.

कॅसेट अजून वाजते. स्वरदानं घेतलेल्या नकलेतही आवाज आहे. कसा आला, कुठनं आला, मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं, त्यांनी वरचे चार उतारे परत वाचावेत.

बंगल्यावर हसलेल्या त्या आठांपैकी दोघं उरलेत. एकाला आता माणूस ओळखू येत नाही. दुसरा मुरगूडला असतो, त्याला फोन केला. म्हणाला, "वैनी, झालं गेलं. आता म्हशीचं काय घेऊन बसलासा?" म्हणलं, "तुम्ही हसलासा, तेवढं ऐकून जावा." गुडघे दुखतात म्हणाला. हसायला गुडघे लागत नव्हते त्याचे.

तो येणार नाही. मग तुम्ही या. रात्रीची वाट बघू नका, उदबत्ती आणू नका, मोबाइल उंच धरून भुताचे फोटो काढणार असाल तर जिन्यावरूनच परत पाठवीन. दुपारी या, चहा देते, साखर पुरेशी घालीन. हसणारे आठ होते, आणि घरात बसून 'व्हय, व्हय' म्हणणारी मी नववी, तेव्हा मीही तुमच्यातच बसून ऐकते. त्यांचं खरं ऐकायला तेव्हा या घरात एक माणूस निघालं नाही. आता खोली भरलेली हवी मला. शहात्तर वर्षं झालीत, तेव्हा बघू-करू म्हणू नका... लवकर या.