उन्हाळी अंकाचं मानधन

फुकटच्या कामात पैसा साठत नाही, किस्से मात्र इतके साठतात की ठेवायला जागा पुरत नाही. अमरावतीत आमचं एक छोटं त्रैमासिक आहे. संपादक नाना, आणि प्रुफं तपासणारी मी. मी शाळेत शिकवते, नाना रिटायर होऊन हेच करतात. पगार दोघांनाही नाही.

*

लेखकांना मात्र मानधन आहे! नानांच्या भावाची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे. अंकात लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक पेटी जाते. त्यामुळे दिवाळी अंकाला लेखांचा ढीग पडतो. उन्हाळ्यात बागेत फळ नसतं, तेव्हा अंकाला लेखकही नसतात.

एकदा मी म्हटलं, "नाना, उन्हाळी अंक बंदच करू."

"कावून? संत्र्याबिगर जो लिहीन, तोच आपला लेखक."

*

अकोल्याला एका प्राध्यापकांचं भाषण होतं. विषय, नवोदितांनी फुकट लिहू नये. तासभर बोलले आणि फार चांगलं बोलले. मलाही पटलं.

चहाच्या वेळी नानांनी हळूच विचारलं, "सर, आजचं मानधन काय भेटलं?"

"छे हो, आपल्याच माणसांकडून काय घ्यायचं!"

नानांनी तिथल्या तिथे त्यांना उन्हाळी अंकासाठी लेख मागितला. अजून आलेला नाही.

*

परतवाड्याची सुजाता आमची सगळ्यात नवी लेखिका. तिचे वडील रामदासजी एसटीत ड्रायव्हर, धारणीच्या घाटात गाडी चालवतात. नानांनी पहिला लेख तिच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला. शेवटी छापला, आणि रामदासजींचा फोन आला.

"पोरगी महिनाभर लिहून राहिली होती. भेटलं काय?"

"संत्रे पाठवले ना."

"संत्र्यावर घर चालते काय, नाना? बस झालं आता. तिले कापडाच्या दुकानात कामाले लावून राहिलो मी."

फोन ठेवून नाना म्हणाले, "मानूस खोटं नाही बोलला, मॅडम."

मला फार वाईट वाटलं. पोरगी खरंच सुरेख लिहायची.

*

टपाल परवडत नाही म्हणून आमचे गठ्ठे एसटीने जातात. परतवाड्याचा गठ्ठा डेपोच्या कँटीनमध्ये उतरतो आणि वर्गणीदारांच्या आधी ड्रायव्हर-कंडक्टरच अंक वाचून काढतात. एका वर्गणीदाराने तक्रार केली, "अंकावर समोशाच्या तर्रीचे डाग आहेत."

नानांनी उलट कळवलं, "म्हंजे अंक चांगला निघाला."

*

उन्हाळी अंकाच्या वेळी, कोणी मागितलेला नसताना, सुजाताचा लेख आला. दुकानातून सुटल्यावर रोज थोडा थोडा लिहिलेला. वडिलांवर होता. घाटात बस बंद पडली की ते आधी आपल्या डब्यातली भाकर प्रवाशांच्या पोरांना वाटतात आणि मग बॉनेट उघडतात, एवढीच गोष्ट. मी खूश झाले. पहिलं पान मिळालं होतं.

नानांनी लेख वाचला, चष्मा पुसला आणि सुजाताला फोन लावला. "हे पुन्याच्या मोठ्या मासिकाले पाठव. ते पैसे देतात. तुह्या बाबाले दाखवता येईन."

"पण नाना, आपला अंक?" मी मध्येच म्हटलं.

"आपला अंक निघतेच."

पुण्याने लेख छापला, पैसेही दिले. आमच्या पहिल्या पानावर ट्यूशन क्लासची जाहिरात गेली.

*

मे महिन्यात रामदासजी थेट ऑफिसात आले, अंगात ड्युटीची खाकी. मी उठून अभिनंदन केलं. ते बसले नाहीत.

"नाना, पोरीचा लेख इथं कावून नाही छापला?"

"रामदासजी, पुन्यात तिले पैसे भेटले ना?"

"भेटले. दुकानही सोडवलं तिचं. पन डेपोत पुन्याचा अंक येते काय? सारे ड्रायव्हर म्हनतात, तुह्यावर लिहिलं म्हनते, दाखव. कोनाकोनाले मोबाईलवर दाखवू?"

नाना ओशाळले. "उन्हाळ्यात आमच्याकडं द्यायले संत्रेही नसतात, भाऊ."

रामदासजी जिना उतरून खाली गेले. परत आले ते गावरान आंब्यांची टोपली खांद्यावर घेऊन. ती त्यांनी नानांच्या टेबलावर, पुढच्या अंकाच्या प्रुफांवरच ठेवली.

"हे मानधन," ते म्हणाले. "आता छापा."