‘वस्ती नाही’ लिहिलेल्या उतारावर

दिवाळीनंतर अकरा दिवसांची रजा टाकून मी इथिओपियाला गेले. त्या देशाच्या नैर्ऋत्येला जिम्मा नावाचं शहर आहे आणि त्याच्या पुढे ओरोमो लोकांचा कॉफीचा मुलूख. तिथल्या एका वोरेडात, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारख्या भागात, मला एक डोंगरउतार बघायचा होता. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी रस्ते, खाणं, कागदपत्रं सगळं खाली लिहिलं आहे. पण मी गेले ती रागाने. तो अजून उतरलेला नाही, तेव्हा तोही मध्ये मध्ये येईल.

मी वर्ध्यातल्या एका छोट्या कंपनीत उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करते. जगातल्या कुठल्या तरी भागाचं चित्र येतं. आम्ही त्यावर घरं, रस्ते, शेतं, जंगल रेखतो, आणि घरांच्या संख्येवरून लोकसंख्येचा अंदाज निघतो. या वोरेडाचं काम आम्ही गेल्या वर्षी केलं. नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वाटतात, एका तुकड्याला पत्रक म्हणतात. त्यातलं पत्रक चौदा माझं होतं. ते एकदाही दुरुस्तीला परत आलं नाही म्हणून ऑफिसने मला ‘झीरो रीवर्क’ छापलेला मग दिला होता.

पोळा झाल्यावर ऑफिसला एक ईमेल आली. पाठवणारी चाल्तू, तिथली आरोग्यसेविका. मजकूर चार ओळींचा. ‘पत्रक चौदामध्ये ओढ्यापलीकडचा उतार दाट वन, वस्ती नाही असा दाखवला आहे. त्या उतारावर मी दर आठवड्याला लसी द्यायला जाते. नवं आरोग्य केंद्र कुठे बांधायचं ते या नकाशावरून ठरणार आहे. कृपया पुन्हा पाहा.’

मी ती साहेबांना दाखवली.

“हे क्लायंटची मेल नाई ना? कोन्या नर्सची हाये,” साहेब म्हणाले. “मॅडम, फाईल क्लोज झाली. तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या? नियमानं केलं ना आपन?”

“नियमच चुकला असेल तर?”

“त पुढच्या प्रोजेक्टमंदी पाहू ना.”

संध्याकाळी उत्तर गेलं: ‘चित्रानुसार नोंद बरोबर आहे.’ खाली पत्रक करणारीचं नाव लागतं, म्हणून माझं. मला न विचारता. मी ते उत्तर तीनदा वाचलं आणि घरी जाऊन व्हिसाची माहिती काढली.

घर हिंगणीत. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत.

“काऊन वं, कॉफीच प्याची होती त सेलूच्या चौकात भेटते,” ते म्हणाले.

“कामासाठी चालले, बाबा.”

“कंपनी पैसे देऊन राह्यली?”

“नाही.”

“मंग कामासाठी कशी?” थोड्या वेळाने तेच म्हणाले, “स्वेटर घेजो. उंचावर हाये तो भाग.”

आता कागदपत्रं. व्हिसा ऑनलाइन मिळतो. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कारण परत येताना भारतात ते कार्ड मागतात. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. तिकीट माझ्या दोन पगारांहून जास्त होतं. अदिसहून जिम्म्याला रस्त्याने पूर्ण दिवस जातो, मी छोट्या विमानाने गेले. काही भागांत अधूनमधून अशांतता असते, तेव्हा पुढचा रस्ता त्या आठवड्याला चालू आहे ना, हे तिथल्याच माणसाला विचारून मग निघा.

घड्याळाचं आधीच समजून घ्या. तिथे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. मिनीबसवाल्याने ‘दोनला’ सांगितलं आणि मी बरोबर आठला हजर होते. बस सुटली साडेनऊला. तेवढं आपल्याकडच्यासारखंच.

खाणं सोपं आहे. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचा मोठा, आंबूस, जाळीदार डोसा समजा. शाकाहारी असाल तर शिरो मागा. नावाने फसू नका, ते सरळसरळ पातळ पिठलं आहे. एका ताटात दोघांचं जेवण येतं आणि दोघांनी मिळूनच खायचं असतं. मी एकटी जेवायला बसले तर खानावळीची मालकीण समोर बसली, दोन घास खाल्ले आणि उठली. एकट्याने जेवणं तिला बघवलं नसावं.

जिम्म्याहून पुढे दोन तास मिनीबस, मग आपल्याकडे असते तशीच तीनचाकी रिक्षा. माती तांबडी. वर्ध्याच्या सपाट काळ्या रानातून आलेल्या माणसाला पहिला धक्का इथे बसतो. सरळ रेषेत पन्नास पावलं जमीन नाही. डोंगराचा कणा, खाली ओढा, पुन्हा कणा. उंची समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरच्या आसपास, दुपारी उन्हातही हवा गार. वर उंच सावलीची झाडं, खाली कॉफी. तोडणीचे दिवस होते. रस्त्याकडेला जाळीच्या मांडवांवर लाल फळं वाळत घातलेली, बायका ती हाताने खालीवर करत होत्या. बाजारगावात दवाखाना आहे, पक्कं छत, पाटी, अंगणात निलगिरी. नवं केंद्र याच गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हायचं होतं, कारण नकाशात माणसं इथेच होती.

चाल्तू दवाखान्यासमोर उभी होती. माझ्याएवढीच, अठ्ठावीस-एकोणतीसची. इंग्रजी चांगलं. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“तुम्ही खरंच आलात,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही मशीन आहात.”

“मशीन असते तर बरं झालं असतं,” मी म्हटलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ओढ्याला पूल नाही. दगडांवरून जायचं. पाणी पोटरीपर्यंत, पावसाळ्यात कमरेपर्यंत येतं असं ती म्हणाली. मधल्या एका सपाट दगडाशी ती थांबली.

“गेल्या वर्षी एका बाईला खाटेवरून नेत होतो. इथवर आलो. इथेच बाळंत झाली.”

“मग?”

“ती वाचली.”

मग ती पुढच्या दगडावर गेली.

पलीकडे चढ. पाऊण तासाने माझ्या फोनने सांगितलं की मी पत्रक चौदाच्या हिरव्या भागाच्या बरोबर मध्यावर आहे. समोर एक घर होतं. कुडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. अंगणात केळीसारखी रुंद पानं आणि त्यावर सावलीचं झाड इतकं पसरलेलं की छपराचा जेमतेम कोपरा आकाशाला दिसावा. आजूबाजूला दुसरं घर दिसत नव्हतं. फक्त झाडं.

घर झैनबाचं. वय चाळिशीचं. तिकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून चाल्तू तिला ‘हावीची आई’ म्हणत होती. घरात तिची धाकटी जाऊ सादिया भिंतीला टेकून बसली होती. आठवा महिना. झैनबाने मला बसायला गवत पसरलं आणि कॉफीचे हिरवे दाणे तव्यावर टाकले. धूर झाला तशी ती दारात गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तिने उताराकडे हाक दिली. मग दुसऱ्या बाजूला. मग वर.

“कोणाला बोलावतेय?” मी विचारलं.

“शेजाऱ्यांना,” चाल्तू म्हणाली. “कॉफी एकट्या घराने पीत नाहीत. चांगलं दिसत नाही.”

आधी एक म्हातारी आली, काठी टेकत. मग दोन बायका, पाठीशी मुलं. मग खालून एक माणूस, हाताला कॉफीच्या फळांचा चिकट लाल रस. मग वरून चौघं. जिथे मला फक्त पानं दिसत होती तिथून माणसं येत राहिली. मी मोजत होते, सवयच आहे. सत्तावीसला खोली भरली, बाकीचे अंगणात बसले. जिथून माणूस आला तिकडे नीट बघितलं की पत्र्याचा एक तुकडा चमकायचा. प्रत्येक दिशेला. ते तुकडे मी गेल्या वर्षी पाहिले होते. पाहून खोडले होते.

कॉफी मातीच्या उभट भांड्यातून छोट्या वाट्यांत ओततात. साखर नाही, मीठ. सोबत भाजलेले जव. एकदा नाही, त्याच दाण्यांवर तीनदा. पहिल्या वाटीनंतर उठून गेलात तर उद्धट ठरता. मी तिन्ही वेळा बसले. दुसऱ्या वाटीला चाल्तूने मी वाटेत सांगितलेलं सगळ्यांना सांगितलं: नकाशा हिने केला, आणि सुटं छप्पर दिसलं की ते घर न धरता गुरांचा कोठा धरतात.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या तेमाम आजोबांनी चाल्तूला विचारलं, ही कुठली? इंडिया म्हटल्यावर ते एकदम इंग्रजीत म्हणाले, “माझे गणिताचे मास्तर इंडियन होते. फार मारायचे.”

सगळे हसले.

“पण मोजायला त्यांनीच शिकवलं,” आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “तुम्हाला नाही का शिकवलं?”

पुन्हा हसले. मी नाही.

झैनबाने मात्र हसता हसता सरळ विचारलं. चाल्तूने भाषांतर केलं. “ती म्हणतेय, एकटं घर म्हणजे घर नाही, हे कोणी ठरवलं?”

इथे सांगायला हवं. आमच्याकडे गाव म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी. पांढरीत माणसं राहतात, एकमेकांना लागून. काळीत एखादं पत्र्याचं छप्पर दिसलं तर तो कोठा. त्यात बैल, चाऱ्याचं कुटार, फवारणीचा पंप. रात्री तिथे कोणी नसतं. हिंगणीतल्या शाळकरी पोरालाही हे माहीत आहे. प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात हजारो सुटी छपरं बघून सगळे गोंधळले होते, तेव्हा मी एक पान लिहून दिलं: तीनपेक्षा कमी छपरं एकत्र असतील आणि रस्ता पोचत नसेल तर तो कोठा धरावा, वस्ती नाही. साहेबांना ते फार आवडलं. काम दुप्पट वेगाने झालं. मी पांढरी शोधत राहिले. इथे पांढरी नसतेच. इथे प्रत्येक जण आपल्या कॉफीत राहतो, शेजारी हाकेच्या अंतरावर.

“मी ठरवलं,” मी म्हटलं.

चाल्तूने भाषांतर करायला वेळ घेतला. मग केलं. झैनबाने माझ्या वाटीत तिसऱ्यांदा कॉफी ओतली आणि सादियाच्या पोटाकडे बोट केलं. “मग हिलापण तुम्हीच धरा आता. कोठ्यात नका धरू.”

पुढचे तीन दिवस प्रवासवर्णनात लिहिण्यासारखं काही नाही. चाल्तू आणि मी चाललो. प्रत्येक घराच्या दारात मी फोनवर बिंदू घेतला, तिने तिच्या लसींच्या वहीतलं नाव वाचलं. एकाहत्तर घरं. प्रत्येक घरी कॉफी घ्यायला गेलो असतो तर महिना लागला असता, म्हणून चाल्तू दुरूनच ओरडून माफी मागायची. पाय सोलले होते. जाणार असाल तर चांगली पकड असलेले बूट न्या, ती तांबडी माती ओली झाली की साबण होते. आणि जिम्म्यात उतरून आठवडाभर मुलूख बघायचा असेल तर तोडणीचे दिवसच निवडा. देखणा आहे. मला रागात असूनही तो देखणा दिसला, आणि त्याचाही राग आला.

परत आल्यावर बिंदू साहेबांसमोर ठेवले.

“सुट्टीवर गेलत्या ना तुमी?” साहेब म्हणाले. “मंग फिराचं, फोटो काढाचे. हे काऊन करून आल्या?”

“पत्रक उघडा. एका दिवसाचं काम आहे.”

“अन् बाकी पत्रकं? सगळीकडे तोच नियम लावला आपन. एक उघडलं त सगळे उघडा म्हनतीन. कोन करन ते?”

हा प्रश्न मी विमानात स्वतःलाच विचारला होता. बाकीच्या पत्रकांवर किती उतार हिरवे आहेत ते मला माहीत नाही. त्यांनाही नाही. पण हा प्रश्न त्यांनी मला गप्प करायला विचारला, हे मी विसरणार नाही.

मी बिंदू, घरांची यादी आणि माझं ते एक पान, ‘हा नियम मी सुचवला होता, तो तिथे लागू नाही’ असं लिहून थेट क्लायंटला आणि वोरेडाच्या कचेरीला पाठवलं. खाली नाव माझं. या वेळी मीच लिहिलेलं. आता मला नकाशांवरून काढून जुने कागद स्कॅन करायला बसवलं आहे. स्कॅनर बरा आहे.

बाबांना तिथले दाणे दिले. त्यांनी ते भाजले, करपवले, आणि एक घोट घेऊन म्हणाले, “सेलूच्या चौकातली बरी.” मग पातेलं झाकून शेजारच्या काकूंना हाक मारायला गेले. मी त्यांना तिथली रीत सांगितली नव्हती.

गेल्या आठवड्यात चाल्तूचा निरोप आला. सादियाला न्यावं लागलं, खाटेवरून, त्याच ओढ्यातून, सहा माणसांनी. पाणी पोटरीपर्यंतच होतं. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. केंद्राची जागा अजून ठरलेली नाही. पण जागा ठरवणारी समिती ओढा ओलांडून चढावर आली होती. झैनबाने तवा ठेवला आणि तिन्ही बाजूंना हाका दिल्या. समितीतल्या एकाने उभं राहून माणसं मोजली, मग खाली बसून पुन्हा मोजली.

ऑफिसमध्ये दर महिन्याला एक तक्ता लागतो. प्रत्येकाचं नाव आणि पुढे त्याच्या किती पत्रकांत चूक निघाली. क्लायंटने पत्रक चौदा परत पाठवलं आहे, तेव्हा माझ्यापुढे या महिन्यात ‘एक’ लिहिलं आहे. साहेबांनी तो आकडा लाल केला आहे. त्या ‘झीरो रीवर्क’च्या मगमध्ये मी आता पेनं ठेवते. त्या तक्त्यात माझ्या नावापुढे आलेला हा पहिला खरा आकडा आहे.